उशाखालची पुडी

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या शहरातील एका परिचर्या महाविद्यालयाच्या प्राचार्याबाई घरी आल्या आणि चहा घेता घेता त्यांनी एक अनपेक्षित मागणी केली. त्यांच्या विद्यार्थिनींस चीन देशाच्या पारंपरिक वैद्यकाविषयी आम्ही चार व्याख्याने द्यावीत, अशी ती मागणी होती. परिचर्येच्या अभ्यासक्रमात आता पूरक उपचारपद्धतींची तोंडओळख करून द्यावी लागते. शिवाय यांतील कित्येक मुली पुढे परदेशी नोकरीस जातात आणि तेथील रुग्ण अंगावर सुया टोचून घेतलेला किंवा चिनी काढा प्यालेला असा त्यांच्या पुढ्यात येतो. तेव्हा मुली अगदीच कोऱ्या जाऊ नयेत, असे बाईंचे म्हणणे पडले. आम्ही आयुष्यभर औषधशास्त्र शिकविले, आमचे आजोबा महालात वैद्यकी करीत, एवढ्या पुंजीवर त्यांनी आम्हांस या कामास पात्र ठरविले होते.

बाई गेल्या आणि घरात चर्चेस ऊत आला. आमचे वडीलबंधू दादा यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारले, "घरात चरक-सुश्रुत धूळ खात पडले आहेत, आणि तू पोरींना चिन्यांचे काढे शिकविणार?" सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काका, विंचू उकळायला शिकवू नका म्हणजे झाले!" हशा पिकला. वहिनीही पदर तोंडाला लावून हसल्या. आम्ही मात्र त्या हास्यात सामील होऊ शकलो नाही. कारण याच बैठकीत, असल्याच एका हास्यापायी, आमच्या आत्याचा प्राण एकदा जाता जाता वाचला होता. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे. कारण तिच्यावाचून ही व्याख्याने आम्ही पत्करलीच नसती.

आत्या बालपणापासून आम्हां भावंडांची दुसरी आईच. उतारवयात तिचे गुडघे धरले. जिना चढताना ती कठड्याला धरून उभी राही आणि कोणी पाहिले तर उगाच जपाची माळ चाचपल्यासारखे करी. एके दिवशी भोजनाच्या वेळी ती भीत भीत म्हणाली, "शेजारणीने एक चिनी औषध आणले आहे म्हणे, एका फिरत्या विक्रेत्याकडून. तिचे गुडघे आठ दिवसांत मोकळे झाले." आम्ही औषधशास्त्राचे अध्यापक! हातातला घास तसाच ठेवून आम्ही त्या चिनी औषधावर असे काही विनोदी भाष्य केले की, पंगतीत पाणी वाढणाऱ्या मुलाच्या हातून तांब्या निसटला. आत्याही हसली. विषय तेथेच संपला, असे आम्हांस वाटले.

तो संपला नव्हता. वर्षभरात आत्याचे गुडघे खरोखरच सुधारले. तिचा चेहराही गोल, भरलेला दिसू लागला. "देवाची कृपा" असे ती म्हणे आणि आम्ही ते मान्य करीत असू. हातांवर जरा आपटले तरी काळेनिळे डाग उमटत, तिकडे आम्ही लक्ष दिले नाही. मग एका भाद्रपदात तिला मूत्रमार्गाच्या विकाराने ताप भरला आणि रुग्णालयात ठेवावे लागले. तापाचे औषध लागू पडले. परंतु तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, रक्तदाब उतरत चालला, बोलणे असंबद्ध होऊ लागले. शिरेतून सलाइन चालू असूनही रक्तदाब सावरेना. डॉक्टर चिंतेत पडले. आम्ही तर पुस्तकी ज्ञानाचे सारे कप्पे उघडून पाहिले आणि रिकाम्या हातांनी बसून राहिलो.

त्या रात्री एक शिकाऊ परिचारिका पाळीवर होती. आम्हांस तिने बाहेर बसविले, आत्याची चादर बदलली आणि गुडघ्यांखाली उशी सारता सारता सहज विचारले, "आजी, गुडघ्यांना घरी काय काय करत होता? आमची आजी तर बिब्बा घालायची." बस, एवढेच. त्या क्षीण अवस्थेतही आत्याने उशाखाली हात घातला आणि कागदाची एक पुडी काढून तिच्या हाती दिली. पुडीवर चिनी अक्षरे होती, आत कोणती द्रव्ये आहेत याचा उल्लेख नव्हता. वर्षभर आत्या त्यातील गोळ्या रोज घेत होती. रुग्णालयातही तिने त्या आणल्या होत्या. परंतु आमच्यापैकी कोणी ना कोणी सदैव उशाशी बसलेला, म्हणून तीन दिवस तिला पुडी उघडता आली नव्हती. आमच्या सेवेनेच तिचे औषध तोडले होते!

मुलीने ती पुडी तत्काळ डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी गोल चेहरा, काळेनिळे डाग आणि कोसळणारा रक्तदाब यांची सांगड क्षणात घातली. सांधेदुखीवर विकल्या जाणाऱ्या असल्या बेनामी गोळ्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. ते बराच काळ घेतले की, मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी आपले काम सोडून देतात. आणि मग बाहेरचा पुरवठा एकाएकी तुटला, त्यात अंगात ताप असला, तर शरीर अक्षरशः खचते. हायड्रोकॉर्टिसोनची सुई दिली गेली आणि उजाडता उजाडता आत्याने पाणी मागितले. त्या गोळ्या चीनमधून आल्या होत्या की कोठे जवळपासच बनल्या होत्या, हे देव जाणे. त्यांत चिनी वैद्यकाचा अंशही असेल असे आम्हांस वाटत नाही. पुढे बरी झाल्यावर आम्ही आत्यास विचारले, "आम्हांला का नाही सांगितलेस?" ती म्हणाली, "तू हसला असतास."

असो. त्या मुलीचे ऋण कोठे तरी फेडावे, या भावनेने आम्ही व्याख्याने पत्करली.

पहिल्या दिवशी आम्ही इतिहास सांगितला, आणि तो नागपूरपासूनच सुरू केला. जपानी आक्रमणाने गांजलेल्या चीनच्या साह्यार्थ राष्ट्रीय सभेने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक धाडले, त्यात अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख होते, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी होते, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघालेले हे पथक १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. कोटणिसांचे नाव शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे घरोघरी झाले. चोळकरांचे नाव मात्र वर्गातील एकाही मुलीने ऐकलेले नव्हते. आपल्याच गावच्या माणसाविषयीचे हे अज्ञान पाहून आम्हांस मुलींचा नव्हे, आमच्या पिढीचा राग आला. सांगायचे आम्हीच राहून गेलो होतो.

कोटणिसांच्या पत्नी क्वो छिंगलान या परिचारिका होत्या आणि बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या सैनिकी वैद्यक शाळेत परिचर्या शिकवीत, हे ऐकून मुली सरसावून बसल्या. १९४१ साली विवाह, १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुत्रजन्म आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला अपस्माराच्या झटक्याने कोटणिसांचा अंत, वय अवघे ३२. एका मुलीने विचारले, "सर, मग कोटणीस सुया टोचायला तेथेच शिकले का?" प्रश्न चांगला होता आणि त्याचे उत्तर गोड करून सांगण्याचा मोहही होता. लुधियान्यास त्यांच्या नावाचे अॅक्युपंक्चरचे रुग्णालय आहे, म्हणून पुष्कळांची तशी समजूत होते. परंतु कोटणीस शल्यचिकित्सक होते. त्यांनी तेथे शस्त्रक्रिया केल्या आणि शस्त्रक्रियाच शिकविली. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातील डॉ. बसूंनी, ते १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ती शिकले आणि कलकत्त्यास तिचा प्रसार केला. ज्याचे श्रेय त्याला द्यावे, हा रुग्णाच्या नोंदवहीचा पहिला नियम इतिहासालाही लागू आहे, असे आम्ही मुलींस सांगितले.

दुसऱ्या दिवशी तत्त्वे. येथे आमच्यासारख्या वैद्यांच्या नातवाला एक सापळा असतो. चिन्यांची 'ची' म्हणजे आपला प्राण, त्यांची पाच तत्त्वे म्हणजे आपली पंचमहाभूते, त्यांच्या वाहिन्या म्हणजे आपल्या नाड्या, असे म्हणत गेले की तास सुखाने जातो आणि "सर्व काही आपल्याकडेच होते" हे समाधानही मिळते. परंतु ते खरे नव्हे. चिनी पंचकात काष्ठ, अग्नी, पृथ्वी, धातू व जल आहेत; वायू आणि आकाश नाहीत. शिवाय ती पदार्थाची घटकद्रव्ये नसून ऋतूंप्रमाणे एकामागून एक येणाऱ्या अवस्था आहेत. शेजारणीच्या घराची रचना आपल्या घरासारखीच असेल असे धरून अंधारात चालू लागलो, तर कपाळमोक्षच व्हावयाचा.

साम्य दिसते ते परीक्षेच्या पद्धतीत. चिनी वैद्य चार परीक्षा सांगतो: पाहणे, ऐकणे व हुंगणे, विचारणे आणि स्पर्श करणे. त्यांच्या भाषेत ऐकणे आणि हुंगणे यांस एकच शब्द आहे, म्हणून पाच गोष्टींच्या चार होतात. वाग्भटाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी त्रयी सांगितली आहे. चिनी वैद्य जीभ पाहतो, तशी आमचे आजोबाही पाहत. तोही मनगटावर तीन बोटे ठेवतो, आजोबाही ठेवीत. मात्र त्या तीन बोटांखाली दोघे निरनिराळ्या गोष्टी वाचीत. आम्ही मुलींस विचारले, "आता सांगा, या चारही परीक्षा रुग्णाच्या दिवसभरात सर्वांत अधिक वेळा कोण करते?" क्षणभर शांतता होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "आम्हीच, सर." खरेच आहे. डॉक्टर सकाळी पाच मिनिटे येतो. मळमटलेली जीभ, जखमेचा बदललेला वास, कण्हण्यातला फरक आणि हाताला लागणारा थंड घाम, या गोष्टी परिचारिकेच्याच वाट्यास येतात.

तिसऱ्या दिवशी पुरावा. ली शिचेन याने सोळाव्या शतकात १८९२ द्रव्यांचा कोश रचला. एवढ्या मोठ्या भांडारात सोने किती आणि पितळ किती, हे श्रद्धेने वा हास्याने ठरत नाही; कसोटीवर घासूनच ठरते. सोन्याचे उदाहरण म्हणून आम्ही थू योयो या विदुषीची कथा सांगितली. हिवतापावरील औषधाच्या शोधात तिने जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातील को हुंग याच्या पोथीत छिंगहाओ नावाच्या वनस्पतीचा मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून तो रस घ्यावा असे लिहिले होते. पाला उकळावा असे तेथे नव्हते! उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे तिच्या ध्यानी आले. तिने ईथरच्या साह्याने कमी उष्णतेवर अर्क काढला आणि १९७१ साली तो प्राण्यांवरील प्रयोगांत पूर्णपणे यशस्वी ठरला. त्यातूनच आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. वर्गात गडचिरोली जिल्ह्यातील एक मुलगी होती. तिच्या धाकट्या भावाला हिवताप झाला असता सरकारी दवाखान्यातून ज्या गोळ्या मिळाल्या, त्यांत याच कुळातील औषध होते, हे आम्ही तिला सांगितले. ती काही बोलली नाही, परंतु ते नाव तिने वहीत दोनदा लिहिले.

मग पितळ, किंबहुना विष. १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बेल्जममध्ये वजन उतरविण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या शंभरावर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. नामसाधर्म्यामुळे एका मुळीच्या जागी ॲरिस्टोलोकिया वर्गाची दुसरीच मुळी पडली होती. "पाहा, चिनी औषध!" असे म्हणून मुली निःश्वास टाकणार, तोच आम्ही सांगितले की, आपल्याकडे जिला ईश्वरी किंवा सापसंद म्हणतात ती वनस्पती याच वर्गातली. विषाला राष्ट्रीयत्व नसते.

सुयांविषयीही आम्ही दोन्ही बाजू मांडल्या. बारा मुख्य वाहिन्या आणि ३६१ बिंदू मोजले जातात. परंतु शवविच्छेदनात त्या वाहिन्या कोणास आढळलेल्या नाहीत. जर्मनीत ११०० हून अधिक कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शास्त्रोक्त सुयांनी शंभरांत सुमारे ४८ जणांस उतार पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुयांनी ४४ जणांस, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने अवघ्या २७ जणांस. या आकड्यांचा अर्थ काय, यावर मुलींत चांगलाच वाद झाला. एकीचे म्हणणे, सुई खोटी ठरली. दुसरीचे म्हणणे, कोणी तरी अर्धा तास जवळ बसले, अंगाला हात लावला, विचारपूस केली, त्याचाच हा गुण असेल. आणि तसे असेल तर आपल्या कामाला कमी लेखू नये. आम्ही निकाल दिला नाही. दुसरीला मात्र मनातून शाबासकी दिली. मनगटाच्या आतील घडीपासून दोन अंगठ्यांच्या रुंदीवर, दोन स्नायुबंधांच्या मधोमध असलेला बिंदू दाबल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ कमी होते, यास बऱ्याच चाचण्यांचा आधार आहे. तो त्यांनी एकमेकींच्या हातांवर शोधून पाहिला. सुई मात्र हाती धरावयाची नाही, हे निक्षून सांगितले. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने अॅक्युपंक्चरला कायद्याचे अधिष्ठान दिले आणि केंद्राने २०१९ साली ती स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मानली. तेव्हा तो नोंदणीकृत माणसाचा अधिकार. छातीवर चुकीने खोल गेलेली सुई फुप्फुसास भोक पाडू शकते, हे कायद्याहूनही मोठे कारण.

चौथ्या दिवशी आम्ही व्याख्यान दिलेच नाही. आत्याची गोष्ट सांगितली आणि म्हटले, "आज फक्त तिसरी परीक्षा, विचारणे. रुग्ण आम्ही. विचारा." प्रथम आलेल्या मुलीने कागदावरून वाचल्यासारखे विचारले, "तुम्ही इतर कोणतीही औषधे घेता का?" आम्ही म्हटले, "नाही." झाले, संपले. दुसरी म्हणाली, "तुम्ही काही गावठी औषधे तर घेत नाही ना?" या 'तर' आणि 'ना' मध्ये रुग्णाला कुलूप लागते, हे आम्ही दाखवून दिले. मग ती गडचिरोलीची मुलगी उठली. जवळ खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आजोबा, जिना चढता येतो का आता?" "येतो, थोडा त्रास होतो." "आमच्याकडे म्हातारी माणसे गुडघ्यांसाठी काही ना काही घेतातच. तुम्हांला कशाने बरे वाटते?"

आम्ही उत्तर देण्यास तोंड उघडले आणि थबकलो. कारण गेली दोन वर्षे आम्ही रोज सकाळी, घरात कोणी उठण्यापूर्वी, आजोबांच्या पद्धतीने गुग्गुळ घेत होतो. आणि हृदयाच्या ज्या डॉक्टरांनी आम्हांस डिल्टियाझेमच्या गोळ्या चालू केल्या होत्या, त्यांना हे एका शब्दानेही सांगितले नव्हते. गुग्गुळामुळे डिल्टियाझेमचे शोषण घटते, असे प्रयोगान्ती आढळलेले आहे. ते आम्हीच वर्गात कितीदा सांगितले असेल! मग डॉक्टरांपासून का लपविले? कारण एकच: औषधशास्त्राचा अध्यापक चोरून गुग्गुळ खातो, हे ऐकून ते हसले असते.

आम्ही त्या मुलीस खरे उत्तर दिले. वर्गात कोणी हसले नाही. तिने शांतपणे विचारले, "किती घेता? केव्हापासून?" आणि लिहून घेतले. चार व्याख्यानांत आम्ही जे शिकविले, त्याहून अधिक त्या दोन प्रश्नांत आम्हांस शिकावयास मिळाले.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांस सारे सांगितले. त्यांनी गुग्गुळ बंद करविला आणि गोळ्यांची मात्रा पुन्हा तपासली. सायंकाळी चहाच्या वेळी घरात ही कथा निवेदन केली. दादा गंभीर झाले. ते काही उपदेश करणार, इतक्यात वहिनी हळूच म्हणाल्या, "यांच्या कपाटात मधुमेहाचे चूर्ण आहे, मागच्या बाजूला, धोतरांखाली." दादांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हसू सर्वांच्याच ओठांशी आले होते, परंतु सूनबाईंनी ते प्रथम गिळले, वही आणली आणि विचारले, "दादा, किती घेता? केव्हापासून?"

ज्या नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी १९२१ साली मातृसेवा संघाची स्थापना केली आणि परिचर्येच्या कामास सुशिक्षित घरांत मान मिळवून दिला, त्याच नागपुरातील आमच्यासारख्या घरांस रुग्णाला कसे विचारावे हे अजून एका विद्यार्थिनीकडून शिकावे लागले, यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. वाचकहो, आपल्याही घरी एखादी आत्या, एखादे दादा असतीलच. त्यांच्या उशाखाली काय आहे, हे आज सायंकाळी विचारून पाहा. औषध चिनी असो, आयुर्वेदी असो वा विलायती, ते पुढे कसोटीस लावता येईल. आधी ते उशाखालून बाहेर आले पाहिजे; आणि ते बाहेर येते, विचारणाऱ्याच्या ओठांवर हसू नसेल तरच.